‘देव प्रथम’ प्लॅनर : अकरा महिने वापरून झाल्यावर

रेटिंग आधीच सांगून टाकतो, ५ पैकी ३. ते ३ कुठून आले हे सांगायला जरा वेळ लागेल, त्यामुळे ज्यांना फक्त घ्यायचा की नाही एवढंच हवंय त्यांच्यासाठी: तारखा न छापलेला मिळाला तर घ्या, तारखांचा घेऊ नका. बाकीच्यांनी वाचा.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. एक तर खाली मी बरीच किरकिर केलीय, आणि दुसरं म्हणजे ह्या धर्तीचे ख्रिस्ती प्लॅनर आता इतके निघालेत की कव्हरचा रंग सोडला तर सगळे एकाच साच्यातले वाटतात. मला हा मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) एका मित्राने नवीन वर्षाला भेट दिला, वर म्हणाला, “तू सारखा म्हणतोस ना देवासाठी वेळच उरत नाही, घे आता.” म्हणजे भेट पण आणि टोमणा पण. असो.

आधी वस्तू म्हणून. पुठ्ठ्याचं जाड कव्हर, शिलाईची बाइंडिंग, टेबलावर ठेवला की सपाट उघडा राहतो, हाताने दाबून धरावा लागत नाही, याला पूर्ण मार्क. एका दिवसाला एक पान त्यामुळे वीट झालीय, बॅगेत टाकून रोज न्यायचा विचार असेल तर खांदा विचारात घ्या. कागद दिसायला छान, पण जेल पेन चालत नाही, शाई मागच्या पानावर उतरते, मी पहिले चार दिवस हौसेने निळ्या जेल पेनने लिहिलं तर ५ जानेवारीचं पान आधीच निळं झालेलं. बॉलपेन वापरा. दोन रिबन दिल्यात, एक वाचनाच्या तक्त्यासाठी एक रोजच्या पानासाठी, त्यातली एक मार्चमध्ये निघून हातात आली.

आता पान कसं आहे ते सांगतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे. सगळ्यात वर एक चौकट, ठळक अक्षरात ‘देव प्रथम’, आत चार ओळी आणि कोपऱ्यात टिक करायला छोटा गोल. त्याखाली ‘आजची तीन महत्त्वाची कामं’. त्याखाली सकाळी ६ पासून रात्री १० पर्यंत तासातासाच्या ओळी. अगदी खाली डावीकडे ‘आजचे तीन आभार’ आणि उजवीकडे ‘उद्याची तयारी’. बस. म्हणजे देव वर, मग कामं, मग दिवस, क्रम बरोबर, आक्षेप घेण्यासारखं काहीच नाही, आणि मला पण पहिले तीन-चार महिने काहीच खटकलं नाही.

उलट पहिले काही आठवडे मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की घ्याच म्हणून. कारण त्याआधी माझी सकाळ कशी व्हायची तर अलार्म बंद करायला फोन हातात घ्यायचा तो थेट अंघोळीला जाईपर्यंत हातातच, मेसेज, बातम्या, कुणाचं लग्न, कुणाचं भांडण, आणि प्रार्थना व्हायची ती गाडी चालवताना, सिग्नलला, अर्धी. प्लॅनर आल्यावर मी एक केलं, रात्री झोपताना फोन खाली ठेवायचा आणि त्याच्यावर हा ठेवायचा. वीट असण्याचा एवढा एक फायदा. सकाळी फोन घ्यायला गेलं की आधी हा उचलावा लागतो, आणि हातात आलाच आहे तर उघडला जातो. ऐकायला पोरकट वाटेल पण चालतं, अजूनही चालतंय, आणि त्या तीन स्टारांमधला एक पूर्ण स्टार ह्या वजनाचा आहे.

वाचनाचा तक्ता मागे दिलाय. सरळ उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, म्हणजे पहिल्या पुस्तकापासून शेवटच्यापर्यंत, रोज तीन अध्याय आणि रविवारी पाच. पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) ६६ पुस्तकं, एकूण ११८९ अध्याय, आठवड्याला २३ धरले की वर्षात बसतात, गणित चुकलेलं नाही. पण ज्याने हा तक्ता लावला त्याने स्वतः तो एकदा तरी पाळून बघितला असेल का अशी मला शंका आहे, कारण ह्या वेगाने गेलं की जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात माणूस लेवीयमध्ये, म्हणजे तिसऱ्या पुस्तकात, शिरतो. उत्पत्तीत गोष्टी आहेत, निर्गमाचा पहिला भाग पण धावतो, मग निवासमंडपाची मापं, पडदे, आकडे, खुंट्या, आणि मग लेवीय, अर्पणांचे प्रकार आणि चट्टे कसे तपासायचे. मी लेवीयला नावं ठेवत नाहीये, नंतर इब्री लोकांस लिहिलेलं पत्र वाचताना तेच लेवीय किती कामाला येतं हे कळतं. पण नव्या उत्साहाने वर्ष सुरू केलेल्या माणसाला फेब्रुवारी लागायच्या आत एकट्याला तिथे नेऊन सोडणं, सोबत एका ओळीचं टिपण नाही काही नाही, हे मला तरी बरोबर वाटत नाही.

याच्यापेक्षा पावणेदोनशेहून जास्त वर्षं जुना तक्ता जास्त समजूतदार आहे. रॉबर्ट मरे मॅकचेन म्हणून स्कॉटलंडमध्ये डंडीला एक तरुण पाळक (पास्टर) होता, त्याने १८४२ साली आपल्या मंडळीतल्या लोकांसाठी वर्षभराच्या वाचनाचं वेळापत्रक केलं, रोज चार वेगवेगळ्या ठिकाणचे अध्याय, त्यामुळे जुना करार वर्षात एकदा आणि नवा करार आणि स्तोत्रं दोनदा होतात, आणि एखाद्या दिवशी जुन्या करारातली नुसती वंशावळ निघाली तरी बाकी तीन ठिकाणी काहीतरी हाताला लागतं. पुढच्याच वर्षी तो वारला, वय अवघं २९, पण तक्ता अजून चालू आहे. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे त्याने तक्त्याच्या आधीच धोके लिहून ठेवलेत. वाचन नुसता रिवाज होऊन बसेल, आपण रोज वाचतो म्हणून माणूस स्वतःवरच खूश होईल, नेमलेलं संपवायचं म्हणून वरवर वाचेल, आणि काहींना ते जू झेपणार नाही. तक्ता बनवणाराच सांगतोय की बाबा हे असं असं बिघडू शकतं. माझ्या प्लॅनरमध्ये त्या जागी ‘अभिनंदन, तुम्ही सर्वोत्तम निर्णय घेतला आहे’ असं छापलंय.

आणि ते चारही धोके मी अनुभवले.

फेब्रुवारीत मला ताप आला, नऊ दिवस गेले. तब्येत सुधारल्यावर प्लॅनर उघडला तर नऊ कोरी पानं. नुसती कोरी नाही हो, प्रत्येकावर तारीख, वार, आणि रविवार सोडला तर वर ‘देव प्रथम’ आणि तो रिकामा गोल. एकापाठोपाठ एक. आता सांगा, तापात मी काय कमी हाका मारल्या देवाला? आयुष्यात इतक्या मनापासून केलेली प्रार्थना क्वचितच असेल, ती पण धड शब्द नसलेली. पण पुस्तकाच्या हिशोबाने ते नऊ दिवस देव प्रथम नव्हता. तारखांचा घेऊ नका म्हणतो ते यासाठी. तारीख छापली की पान वही राहत नाही, हजेरीपत्रक होतं.

मग मी काय केलं तर शनिवारी बसून सगळं भरून काढायला घेतलं. नऊ दिवसांचे जवळजवळ तीस अध्याय, गणना संपवून अनुवादात (लेवीयनंतरची दोन पुस्तकं). दुपारपर्यंत रेटत होतो, बायको दोनदा डोकावून गेली, तिसऱ्यांदा म्हणाली, “अहो एवढं काय परीक्षा आहे का?” आणि मी तिच्यावर खेकसलो. पवित्र शास्त्र हातात धरून. मॅकचेनचा तिसरा धोका आणि चौथा धोका एकाच दुपारी.

त्यावेळी मला निर्गम १६ आठवलं, जे मी ह्याच तक्त्याप्रमाणे जानेवारीत २० तारखेच्या आसपास वाचलेलं आणि इमानदारीत टिक करून विसरलेलं. मान्ना, म्हणजे रानातून जाणाऱ्या इस्राएली लोकांना देव रोज देत असे ते अन्न. रोजचा रोज गोळा करायचा, दुसऱ्या दिवसासाठी उरवून ठेवला तर त्यात किडे पडायचे, फक्त शब्बाथाच्या (विसाव्याच्या दिवसाच्या) आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा. लोकांनी तरीही ठेवून बघितलाच, आपल्यासारखेच लोक. हा अध्याय वाचन-तक्त्याबद्दल नाहीये हे मला कळतं, पण निदान काल जे गोळा केलं नाही ते आज दुप्पट गोळा करून भरून काढा असं तिथे कुठेही नाही. तेव्हापासून मी नियमच केला, दिवस चुकला तर चुकला, आजची तारीख काढायची आणि तिथून वाचायचं. राहिलेलं पुढच्या वर्षी वाचेन. (काही तक्त्यांमध्ये महिन्याला २५च वाचनं ठेवतात आणि बाकीचे दिवस मोकळे सोडतात, मला वाटतं त्या लोकांच्या घरी माणसं आजारी पडत असावीत.)

आता मे. हा भाग लिहू की नको असा विचार करत होतो पण त्याच्याशिवाय रिव्ह्यू अर्धा राहील.

मी बिलिंगचं काम करतो. २ मेला सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी माझी चौकट भरून झालेली होती, वाचन २ इतिहासातलं, चार ओळी लिहिल्या, टिक केली. आजही ते पान माझ्यासमोर आहे, अक्षर पण छान आलंय. ११:४० ला सरांनी बोलावलं आणि म्हणाले, “ते कालचं बिल ३० एप्रिलच्या तारखेत घे ना, महिन्याचा आकडा पूर्ण होतोय, माल तर गेलाच आहे, काय फरक पडतो.” मी म्हणालो, “हो सर.” एवढंच. ना पोटात गोळा आला ना काही. जागेवर आलो, तारीख बदलली, प्रिंट काढलं, सही केली. दोन मिनिटं लागली असतील.

आणि प्लॅनरमध्ये ११च्या ओळीत मी व्यवस्थित लिहिलं, ‘बिल – सर – झालं’.

रात्री आभार लिहायला पान उघडलं तेव्हा दिसलं. वर टिक. खाली ‘बिल – सर – झालं’. मध्ये अंतर किती, फार तर चार बोटं. पान एकच, आणि वरच्या चौकटीतलं खाली उतरायला जागाच ठेवलेली नाही, चौकटीला चारी बाजूंनी जाड रेघ आहे. मी त्या रेघेकडे बराच वेळ बघत बसलो होतो. त्या दिवशी देव प्रथम होता का? टिक म्हणते होता. ६:१० ला होता. ११:४० ला सर प्रथम होते, आणि ते सुद्धा खरं नाही, माझी सरांकडून वाहवा मिळवायची हौस प्रथम होती.

तेव्हा मी पहिल्यांदा कव्हर नीट वाचलं. कव्हरवर सोनेरी अक्षरात मत्तय ६:३३ आहे: ‘पहिल्याने त्याचे राज्य मिळवण्यास झटा’. छान दिसतं. शास्त्र काढून बघा, वचन असं नाहीये. ‘पहिल्याने त्याचे राज्य व त्याचे नीतिमत्त्व मिळवण्यास झटा’ असं आहे. नीतिमत्त्व गाळलं! कव्हरवर जागा नव्हती म्हणाल तर तसं पण नाही, खाली फुलाचं मोठं चित्र आहे. आता कुणी मुद्दाम गाळलं असेल असं मी म्हणत नाही, डिझाइन करणाऱ्याला दोन ओळींत बसवायचं असेल. पण गाळायला नेमका तोच शब्द सापडावा ज्याचा बिलाच्या तारखेशी संबंध येतो, हे मला झोंबलं ते झोंबलंच. राज्य सकाळी मागता येतं. नीतिमत्त्वाला ११:४० ला जागं राहावं लागतं.

आणि गंमत म्हणजे ते वचन आलंय कुठे तर काय खावं काय प्यावं काय पांघरावं ह्या काळजीच्या मधोमध, आणि लगेच पुढच्या ३४व्या ओवीत उद्याची चिंता करू नका, ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे. अशा वचनाच्या पुस्तकात प्रत्येक पानाच्या तळाला ‘उद्याची तयारी’ची चौकट! तयारी आणि चिंता वेगळी हे मान्य, पण माझ्या त्या चौकटीत गेल्या अकरा महिन्यांत जे लिहिलं गेलंय ते वाचलं तर तयारी कमी आणि चिंताच जास्त आहे, आता मी तिथे मुलीला चित्र काढायला देतो.

बिलाचं पुढे काय झालं ते पण सांगतो नाहीतर अर्धवट वाटेल. ६ मेच्या आसपास तक्त्यात नहेम्याचं पुस्तक आलं. दुसऱ्या अध्यायात राजा विचारतो तुला काय पाहिजे, आणि तिथे लिहिलंय की नहेम्याने स्वर्गीय देवाची प्रार्थना केली आणि मग राजाला उत्तर दिलं. कधी केली प्रार्थना? राजासमोर उभा असताना, प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या वेळात, म्हणजे किती सेकंद असतील? डोळे पण मिटले नसतील. त्याच्या आधी पहिल्या अध्यायात त्याने दिवसचे दिवस उपास-प्रार्थना केलीय हे खरं, ते सोडून नुसती सेकंदाची प्रार्थना चालते असं नाही. पण माझ्याकडे सकाळची होती, मधली नव्हती. मी सरांना हो म्हणताना मध्ये श्वास पण घेतला नव्हता.

मी दुसऱ्या दिवशी सरांकडे गेलो, सांगितलं की ते बिल रद्द करून खऱ्या तारखेत परत काढतो. ते वैतागले, “तुला एवढ्यात काय झालं” म्हणाले, मग “बरं कर” म्हणाले. आकडा पूर्ण झाला नाही. पुढच्या महिन्यापासून ती फाईल माझ्याकडून काढून शेजारच्याला दिली, आणि तो ती सरांना हवी तशी करतो. म्हणजे जगात काही सुधारलं वगैरे नाही, आणि माझ्याशी सर अजून जरा तुटकच बोलतात.

पण त्यानंतर मी प्लॅनर वेगळ्या पद्धतीने वापरायला लागलो आणि ही युक्ती कुणालाही, कुठल्याही वहीत जमेल. पानाच्या डाव्या बाजूला तासांच्या आकड्यांच्या आधी बोटभर समास मोकळा आहे, डिझाइनमध्ये त्याला काही काम नाही. मी तिथे लिहितो. अक्षरशः दोन-तीन शब्द, त्या त्या वेळेसमोर. ‘फोनवर चिडलो, क्षमा’. ‘मीटिंग, तोंड सांभाळ’. ‘आईचा रिपोर्ट, प्रभू’. ‘आभार, पाऊस थांबला’. काही दिवशी समास पूर्ण भरतो, काही दिवशी एकच शब्द असतो, काही दिवशी काहीच नसतं आणि तेव्हा पान बघून आपोआप कळतं की आज दिवस कुणी चालवला. वरची चौकट मी अजून भरतो पण टिक करणं सोडलंय, मे नंतरचे सगळे गोल रिकामे आहेत.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. १७व्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेली संन्याशांच्या मठाच्या स्वयंपाकघरात काम करणारा ब्रदर लॉरेन्स (१६९१ मध्ये वारला) भांड्यांच्या गडबडीत पण देवाशी बोलत राहायचा, प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ त्याला वेगळी वाटायची नाही. आणि त्याच्याही किती आधी अनुवाद ११ मध्ये आहेच, घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना ही वचनं बोलत जा. तापानंतर २० फेब्रुवारीच्या त्या शनिवारच्या रेट्यात हाच अध्याय माझ्या हातून गेलेला, तीन मिनिटांत. उठणं त्यात शेवटी आलंय बघा.

यावरून एक मुद्दा, प्लॅनरच्या प्रस्तावनेत पहाटेच्या वेळेचं इतकं कौतुक आहे की वाचताना वाटावं रात्रपाळीवाल्यांचं तारण (म्हणजे मुक्ती) धोक्यात आहे. मार्क १:३५ दिलंय, प्रभू येशू मोठ्या पहाटे उठून एकांतात जाऊन प्रार्थना करत होता. बरोबर आहे. पण दानीएल दिवसातून तीनदा खिडकीपाशी गुडघे टेकायचा, ११९व्या स्तोत्राचा लेखक एके ठिकाणी मध्यरात्री उठतो म्हणतो आणि दुसरीकडे दिवसातून सात वेळा म्हणतो. माझी बहीण नर्स आहे, तिची सकाळ संध्याकाळी ७ ला होते. तान्हं मूल असलेल्या बाईला पहाटे ५ चा एकांत कुठून आणायचा? मार्कमध्ये पण पुढची ओवी वाचा, शिमोन आणि मंडळी शोधत शोधत येतात, ‘सगळे तुम्हाला शोधताहेत’, झाला एकांत. तासांच्या ओळी ६ ते १० च्या ऐवजी रिकाम्या सोडल्या असत्या तर ज्याने त्याने आपले आकडे घातले असते.

प्रार्थना-विनंत्यांची पानं आहेत मागे, वीस. तीन रकाने: तारीख, विनंती, उत्तर मिळाले. तिसऱ्या रकान्यात फक्त टिक मावेल एवढी जागा. पहिल्या महिन्यात मला हे फार आवडलं, चार-पाच टिका पडल्या, नोकरीचं, घरमालकाचं, पुतण्याच्या अॅडमिशनचं. मग आईचं आलं, आणि ते अजून तसंच आहे, औषध चालू आहे, कधी बरं कधी नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा (त्याला छळणारा त्रास) जावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे. आता पौलाच्या हातात हा प्लॅनर असता तर त्याने टिक कुठे केली असती? उत्तर तर मिळालं. काटा तर गेला नाही. मी आईच्या नावासमोरचा रकाना ओलांडून पुढे समासात लिहीत गेलोय, तारखा टाकून, आता ते वाकडंतिकडं वर चढत पानाच्या टोकाला पोचलंय.

चांगलं पण सांगायला हवं. रविवारचं पान सगळ्यात सुंदर. तासांच्या ओळी नाहीत, कामं नाहीत, फक्त वर ‘संदेश’ एवढा शब्द आणि खाली पूर्ण कोरं पान. ज्याने कुणी हे ठेवलं त्याला माझा सलाम, मला वाटतं त्याला बाकीच्या सहा दिवसांचं काम दिलं नसावं. उपासनेत पाळक बोलत असताना लिहायला सवय लागली, आणि सोमवारी मी नेमका तोच भाग परत बघतो.

मासिक हिशोबाचं पान पण कामाचं. मिळकतीच्या लगेच खाली पहिली ओळ अर्पणाची, भाडं-हप्ते त्यानंतर. नीतिसूत्रे ३:९ मधलं प्रथमउत्पन्न, तोच क्रम. आधी माझं अर्पण म्हणजे महिन्याच्या शेवटी पाकिटात राहिलेलं. ओळ वर गेली तर रक्कम आपोआप ठरते आणि बाकीचं त्याखाली बसतं, ओढाताण होते पण बसतं. इथे वरची चौकट खरंच काम करते, वेळेच्या बाबतीत करत नाही, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही. बहुतेक पैसा दिला की गेला, परत घेता येत नाही. सकाळ दिली तरी दिवस आपल्याच खिशात असतो.

स्टिकरचा एक कागद येतो, ‘देव प्रथम’, ‘धन्यवाद’, कबुतर वगैरे. मुलीने सगळे संपवले. एक कपड्यांच्या मशीनवर आहे, एक माझ्या हेल्मेटवर मागच्या बाजूला आहे आणि तो निघत नाही, त्यामुळे आता सिग्नल तोडायची पंचाईत झालीय.

कुणी घ्यावा: ज्यांची सकाळ फोनमध्ये जाते त्यांनी, वजनासाठी तरी. नवीन विश्वासी असाल तर घ्या पण तक्ता बाजूला ठेवा आणि मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा, १६ अध्याय आहेत, दोन आठवड्यांत होतो. ज्यांना आधीच टिका मारायची सवय आहे, याद्या करून खूश होणारे, म्हणजे माझ्यासारखे, त्यांनी शंभर पानी साधी वही घ्या आणि डावीकडे समास आखा.

पुढच्या वर्षीचा मित्र परत देणार म्हणतोय. मी त्याला तारखा नसलेला बघ म्हटलंय, आणि कव्हरवर वचन पूर्ण असेल तर अर्धा स्टार वाढवेन.

आणि हो, रिबन निघाली तर फेविकॉलने चिकटवायला जाऊ नका. माझी १४ ते १७ मार्च ही पानं एकमेकांना चिकटलीत, त्या चार दिवसांत मी काय लिहिलं होतं ते आता मलाही वाचता येत नाही.